'व्हेन'ची जात कोणती? इंग्रजी प्रश्नशब्दांवर पुन्हा पुन्हा मार्क जातात तेव्हा

तक्रार नेहमीची आहे. सातवी-आठवीच्या मुलाला प्रश्नशब्दांची यादी तोंडपाठ असते. हू, व्हॉट, व्हिच ही सर्वनामं आणि व्हेन, व्हेअर, व्हाय, हाऊ ही क्रियाविशेषणं, हे तो धडाधडा सांगतो. पण पेपरात 'व्हेन' अधोरेखित केलेली चार वाक्यं येतात, चारही ठिकाणी तो 'अ‍ॅडव्हर्ब' लिहितो आणि एकावर हमखास काट बसते. घरी यादीची आणखी एक उजळणी होते आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तेच. ठाण्यापासून पनवेलपर्यंत सेमी-इंग्लिशच्या कुठल्याही वर्गात वह्या उघडून बघा, लाल शाई याच जागी पडलेली दिसेल.

यादी कच्ची आहे म्हणून हे होत नाही, यादीवर विसंबल्यामुळे होतं. प्रश्नशब्दाला स्वतःची कायमची जात नसते. वाक्यात तो कोणाच्या जागी बसलाय त्यावरून त्याची जात ठरते. हे मुलाला पटवायला इंग्रजीची गरजही नाही. 'तू का आलास?' आणि 'तू आलास का?' एवढं विचारा. दोन्हीत 'का' आहे. पहिल्यात तो कारण विचारतो, दुसऱ्यात फक्त हो की नाही ते विचारतो. कोणी यादी पाठ केलेली नसते, तरी मराठी मुलाचा इथे कधी गोंधळ होत नाही, कारण तो शब्दाच्या जागेकडे बघतो. इंग्रजीतही तेच करायचंय.

पहिली तपासणी: उत्तर जागेवर बसवून बघा

प्रश्नाचं तुटक उत्तर घ्या आणि ते कोणत्या जातीचं आहे ते पाहा. 'व्हॉट डू यू वॉन्ट?' याचं उत्तर 'टी'. ते नाम आहे, म्हणजे नामाच्या जागी आलेला 'व्हॉट' सर्वनाम. 'व्हेन डज द पनवेल लोकल लीव्ह?' याचं उत्तर 'अ‍ॅट नाइन'. ते वेळ सांगतं, क्रियापदाला जोडून येतं, म्हणजे क्रियाविशेषण.

प्रश्नशब्दाला चिकटून लगेच नाम आलं असेल तर मात्र उत्तराकडे बघू नका. आधी प्रश्नशब्द काढून तिथे 'धिस' किंवा 'माय' बसतो का ते पाहा. 'व्हिच बस गोज टू वाशी?' मध्ये 'धिस बस' चालतं, म्हणून हा 'व्हिच' विशेषण. 'व्हिच इज युअर बस?' मध्ये 'व्हिच'नंतर लगेच नाम नाही, तो एकटाच उभा आहे, म्हणून सर्वनाम. 'हूज'चंही तसंच. 'हूज अंब्रेला इज धिस?' मध्ये विशेषण, 'हूज इज धिस अंब्रेला?' मध्ये सर्वनाम. शब्द तेच, छत्री तीच, फक्त जागा हलली. जुन्या धाटणीच्या पुस्तकांत याला 'इंटरॉगेटिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह' म्हणतात, नव्या पुस्तकांत 'डिटर्मिनर'. भांडण नावाचं आहे. शाळेच्या पुस्तकात जे नाव असेल ते उत्तरपत्रिकेत लिहावं.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'व्हॉट टाइम'. उत्तर वेळेचं येतं म्हणून मुलं 'व्हॉट'ला क्रियाविशेषण ठरवून मोकळी होतात. पण वेळ सांगण्याचं काम 'टाइम' करतोय, 'व्हॉट' नुसता त्याला चिकटलेला विशेषण आहे. याच्या उलट 'हाऊ मेनी'. नंतर नाम येतं म्हणून सगळे 'हाऊ'ला विशेषण म्हणतात. विशेषण 'मेनी' आहे. 'हाऊ' त्या विशेषणाचं प्रमाण विचारतो, म्हणून तो क्रियाविशेषणच. 'हाऊ ओल्ड', 'हाऊ फार', 'हाऊ ऑफन' या सगळ्यांत 'हाऊ'चं काम हेच.

आणि 'हू' कधीच विशेषण होत नाही. मराठीत 'कोण मुलगा आला?' खपून जातं, इंग्रजीत 'हू बॉय' म्हणता येत नाही. 'व्हिच बॉय'च लागतो.

दुसरी तपासणी: मराठीत 'क' येतो की 'ज'?

मराठी मुलाकडे एक हत्यार आहे, ते नुसत्या इंग्रजीवर वाढलेल्या मुलाकडे नाही. आपल्याकडे प्रश्नाचे शब्द 'क'ने सुरू होतात: कोण, काय, केव्हा, कुठे, कसा. जोडणारे शब्द 'ज'ने सुरू होतात: जो, जे, जेव्हा, जिथे, जसा. इंग्रजीने बहुतेक ठिकाणी या दोन्ही कामांवर एकच माणूस ठेवलाय. केव्हा आणि जेव्हा, दोन्हीला 'व्हेन'. कुठे आणि जिथे, दोन्हीला 'व्हेअर'. गोंधळाचं मूळ इथे आहे. (जाता जाता: आपला 'क' आणि इंग्रजीतला 'डब्ल्यूएच' मुळात एकाच घरचे. प्राचीन 'क्व'चा इंग्रजीच्या कुळातल्या जर्मानिक भाषांत 'ह्व' झाला. जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमात हा बदल बसतो. कः, किम् आणि हू, व्हॉट ही लांबची भावंडं आहेत.)

मग करायचं एवढंच. वाक्याचं मनात मराठी करा आणि प्रश्नशब्दाच्या जागी काय येतं ते ऐका.

'आय डोन्ट नो व्हेन द लोकल लीव्हज.' लोकल केव्हा सुटते ते मला माहीत नाही. 'क' आला. शेवटी प्रश्नचिन्ह नसलं तरी आत दडलेला प्रश्न आहे, म्हणून हा 'व्हेन' प्रश्नार्थक क्रियाविशेषण.

'कॉल मी व्हेन यू रीच वाशी.' वाशीला पोहोचशील तेव्हा फोन कर. 'जेव्हा-तेव्हा'ची जोडी आहे, दोन वाक्यं सांधली गेली आहेत, म्हणून उभयान्वयी अव्यय.

'आय रिमेम्बर द डे व्हेन वी मूव्ह्ड टू ऐरोली.' ज्या दिवशी आम्ही ऐरोलीला राहायला आलो तो दिवस. 'ज' आला, पण इथे मागे 'द डे' हे नाम आहे आणि 'व्हेन' त्याला टेकून उभा आहे. मागच्या नामाला टेकलेला तो संबंधी, म्हणजे 'रिलेटिव्ह अ‍ॅडव्हर्ब'.

एक खाचखळगा सांगितला पाहिजे. बोलताना आपण 'ज' गिळतो. 'जेव्हा ठाणं येईल तेव्हा सांग' असं कोणी म्हणत नाही, 'ठाणं आलं की सांग' म्हणतात. त्यामुळे ऐकलेल्या वाक्यात 'ज' सापडला नाही म्हणून लगेच 'क' समजू नका. 'की' किंवा नुसता 'तेव्हा' बसत असेल तरीही ती 'ज'चीच बाजू. 'मी राहतो ती इमारत' असं म्हटलं तर तिथेही 'जिच्यात' दडलेला आहे, तो उघडा करून घ्या.

ही जात ओळखण्याची कसरत फक्त व्याकरणाच्या प्रश्नापुरती नाही, क्रियापद कोणतं लिहायचं तेही तिच्यावर ठरतं. 'क'वाल्या 'व्हेन'नंतर 'विल' चालतो: 'टेल मी व्हेन यू विल रीच', म्हणजे केव्हा पोहोचणार ते सांग. 'ज'वाला 'व्हेन' उभयान्वयी असेल तर त्याच्यानंतर वेळ पुढची असली तरी 'विल' चालत नाही: 'कॉल मी व्हेन यू रीच', पोहोचलास की फोन कर. 'कॉल मी व्हेन यू विल रीच' ही चूक मोठी माणसंसुद्धा ऑफिसच्या मेलमध्ये सर्रास करतात. नियम म्हणून पाठ केला तर तो टिकत नाही. 'केव्हा' की 'पोहोचलास की', एवढं विचारलं तर सुटतो.

'व्हॉट', 'व्हिच', 'व्हेअर': मागच्या नामामुळे होणारी फसगत

'द बुक व्हॉट आय बॉट' हे मराठी डोक्यातून सरळ उतरलेलं वाक्य आहे. मी जे पुस्तक घेतलं ते. 'जे' म्हणजे 'व्हॉट', मग चुकलं कुठे? 'व्हॉट'च्या पोटात 'ती गोष्ट, जी' हे दोन्ही आधीच आहे. 'ईट व्हॉट यू लाइक', जे आवडेल ते खा. यात मागे नाम नाही, तरी वाक्य पुरं होतं. मागे 'बुक' हे नाम ठेवून पुढे 'व्हॉट' लावलं तर नाम दोनदा झालं. नाम मागे असेल तर 'व्हिच' किंवा 'दॅट', माणूस असेल तर 'हू'. 'व्हॉट' नामाला टेकत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

दुसरी फसगत शिकवण्यामुळे होते. बहुतेक गाइडं सांगतात की मागे जागा असेल तर 'व्हेअर', वेळ असेल तर 'व्हेन', वस्तू असेल तर 'व्हिच'. हे अर्धंच खरं आहे. या नियमाने मुलं लिहितात: 'तलावपाळी इज अ प्लेस व्हेअर आय लव्ह.' जागा आहे, 'व्हेअर' लावला, तरी चूक. मागचं नाम बघायचंच नाही. पुढच्या वाक्यात भोक कशाचं पडलंय ते बघायचं. 'आय लव्ह तलावपाळी' यात तलावपाळी काढली की नामाचं भोक राहतं, त्यात 'व्हिच' बसतो. 'आय वॉक अ‍ॅट तलावपाळी' यात 'अ‍ॅट तलावपाळी' हा सगळा तुकडा निघतो, म्हणजे भोक क्रियाविशेषणाचं, त्यात 'व्हेअर' बसतो. म्हणून 'द प्लेस व्हिच आय लव्ह' आणि 'द प्लेस व्हेअर आय वॉक'. 'अ‍ॅट' तसाच ठेवायचा असेल तर 'द प्लेस व्हिच आय वॉक अ‍ॅट' हेही बरोबर.

प्रश्नातही हाच हिशोब. 'कुठल्या स्टेशनवर उतरतोस?' याचं 'व्हिच स्टेशन डू यू गेट ऑफ अ‍ॅट?' होतं. शेवटचा 'अ‍ॅट' लागतोच, कारण 'व्हिच स्टेशन' हे नाम आहे. 'व्हेअर डू यू गेट ऑफ?' मध्ये 'अ‍ॅट' नको, कारण 'व्हेअर'च्या पोटात तो आहे. 'व्हेअर डू यू लिव्ह इन?' चुकीचं का, तेही यातच आलं. अपवाद 'व्हेअर आर यू फ्रॉम?'चा. तिथे 'पासून' हा अर्थ 'व्हेअर'च्या पोटात नसतो, म्हणून 'फ्रॉम' बाहेर ठेवावा लागतो.

'कसा' म्हणजे प्रत्येक वेळी 'हाऊ' नव्हे

'तुझा नवा वर्गशिक्षक दिसायला कसा आहे?' याचं 'हाऊ डज ही लुक लाइक?' ही ठरलेली चूक. 'लाइक' इथे शब्दयोगी अव्यय आहे, 'सारखा'. 'सारखा'ला समोर नाम किंवा सर्वनाम लागतं, कशाच्या तरी सारखा. 'हाऊ' क्रियाविशेषण असल्यामुळे ती जागा भरू शकत नाही. 'व्हॉट' भरतो. म्हणून 'व्हॉट डज ही लुक लाइक?' बरोबर. 'लाइक' काढून 'हाऊ डज ही लुक?' म्हटलं तर तेही बरोबर, पण अर्थ जवळपास 'त्याची तब्येत कशी दिसते?' असा होतो. दोन्ही एकत्र कालवले की बिघडतं.

'उलथण्याला इंग्रजीत काय म्हणतात?' इथे मराठीतला 'काय' आपल्याला वाचवतो, तरी काही मुलं 'हाऊ डू यू कॉल धिस?' म्हणतात. उत्तर 'स्पॅच्युला' आहे, ते नाम, म्हणून 'व्हॉट डू यू कॉल धिस?' मात्र 'से' वापरलात तर 'हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?' अगदी बरोबर. 'से'ला त्याचं कर्म 'धिस' मिळालेलं आहे, प्रश्न फक्त रीतीचा उरतो.

'काय'चा आणखी एक दगा उद्गारात. मराठीत 'काय पाऊस!' आणि 'काय सुंदर!' दोन्ही चालतं. इंग्रजीत नामाला 'व्हॉट', विशेषणाला 'हाऊ'. 'व्हॉट अ व्ह्यू!' आणि 'हाऊ ब्यूटिफुल!' येऊरच्या डोंगरावर पावसाळ्यात निबंध लिहायला घेतला की 'व्हॉट ब्यूटिफुल!' निघतंच. विशेषणानंतर नाम आलं तर परत 'व्हॉट': 'व्हॉट अ ब्यूटिफुल हिल!' आणि नुसतं 'व्हॉट!' असं दचकून म्हटलं तर ते केवलप्रयोगी अव्यय. पेपरात हे क्वचित विचारतात, पण विचारलं की सगळे चुकतात.

'किती'चं प्रकरण थोडक्यात. किती वेळ म्हणजे 'हाऊ लाँग', किती वेळा म्हणजे 'हाऊ मेनी टाइम्स' किंवा 'हाऊ ऑफन', किती वाजता म्हणजे 'व्हॉट टाइम'. काना असण्या-नसण्यावर इंग्रजी शब्द बदलतो. 'कितवा'ला इंग्रजीत सरळ शब्द नाही, प्रश्न फिरवावा लागतो: लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे, 'व्हिच फ्लोअर इज द लिफ्ट ऑन?'

'डू, डज, डिड' कुठे घुसवायचं आणि कुठे नाही

'व्हेअर यू आर गोइंग?' आणि 'व्हाय यू आर लेट?' या चुका बोलण्यात पक्क्या बसल्या आहेत. मराठीत प्रश्नासाठी शब्दांचा क्रम हलवावा लागत नाही, इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी यावं लागतं. 'तू येतोस काय?' मधला 'काय' तर इंग्रजीत कुठल्याच शब्दाने येत नाही, नुसत्या क्रमाने येतो: 'आर यू कमिंग?' तिथे 'व्हॉट' लावू नका.

पण हा नियम जरा जास्तच ठसला की उलटी चूक सुरू होते: 'हू डिड कम?' इथेही प्रश्नशब्दाची जागाच बघायची. प्रश्नशब्द स्वतः कर्ता असेल, किंवा कर्त्याला चिकटलेला असेल, तर क्रम बदलायला जागाच उरत नाही, म्हणून 'डिड' येत नाही. 'हू केम?'

शाळेत 'अधोरेखित भाग उत्तर येईल असा डब्ल्यूएच प्रश्न तयार करा' असा प्रश्न असतो, त्याच्या सरावाला हे वाक्य घ्या. इतिहास ठाण्याचाच आहे: 'ऑन १६ एप्रिल १८५३ थ्री इंजिन्स पुल्ड फोर्टीन कॅरेजेस फ्रॉम बोरीबंदर टू ठाणे.' आता एकेक तुकडा अधोरेखित करत जा.

'थ्री इंजिन्स' अधोरेखित: 'व्हॉट पुल्ड फोर्टीन कॅरेजेस?' प्रश्नशब्द कर्ता आहे, 'डिड' नाही, 'पुल्ड' तसाच. नुसता 'थ्री' अधोरेखित: 'हाऊ मेनी इंजिन्स पुल्ड फोर्टीन कॅरेजेस?' तरीही 'डिड' नाही, कारण इंजिनंच कर्ता आहेत. 'फोर्टीन' अधोरेखित: 'हाऊ मेनी कॅरेजेस डिड थ्री इंजिन्स पुल?' आता डबे कर्म आहेत, म्हणून 'डिड' आला आणि 'पुल्ड'चा 'पुल' झाला. तोच 'हाऊ मेनी', एकदा 'डिड'शिवाय, एकदा 'डिड'सकट. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून घेतली की मुलांना जे कळतं ते पानभर नियमांनी कळत नाही.

तारीख अधोरेखित: 'व्हेन डिड थ्री इंजिन्स पुल फोर्टीन कॅरेजेस?' 'व्हेन डिड... पुल्ड' लिहिलं तर अर्धा मार्क गेला. भूतकाळ 'डिड'ने उचललाय, क्रियापदाने तो पुन्हा उचलायचा नाही. आणि 'टू' सोडून नुसतं 'ठाणे' अधोरेखित असेल तर 'टू' वाक्यातच राहतो: 'व्हिच स्टेशन डिड थ्री इंजिन्स पुल फोर्टीन कॅरेजेस टू?'

असं एक वाक्य रोज, त्यावर पाच प्रश्न. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. तपासताना तीन गोष्टी वेगवेगळ्या बघा: प्रश्नशब्द बरोबर निवडला का, 'डू, डज, डिड' हवं तिथेच आहे का, क्रियापद मूळ रूपात आलं का. नुसती फुली मारली तर तिन्हीतलं काय चुकलं ते मुलाला कळत नाही आणि तो पुन्हा यादी पाठ करायला बसतो.

दडलेल्या प्रश्नात क्रम परत सरळ होतो. स्टेशनवर 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द टिकिट विंडो?' असं विचारलं तर कळतं सगळ्यांना, पण बरोबर वाक्य 'व्हेअर द टिकिट विंडो इज'. सुरुवातीला 'कॅन यू टेल मी' आलं की नंतरचा सगळा प्रश्न एका नामासारखा वागतो, 'टेल'चं कर्म होतो. उलटापालट एकदा 'कॅन यू'मध्ये झाली, दुसऱ्यांदा नको. 'डिड'ही निघून जातो: 'आय नो व्हेन द ट्रेन रॅन', 'व्हेन डिड द ट्रेन रन' नाही.

राहिला 'हूज'. उच्चार एक, स्पेलिंगं दोन. एकात अपॉस्ट्रॉफी आहे, त्याचा अर्थ 'हू इज' किंवा 'हू हॅज'. दुसऱ्यात शेवटी 'एसई' आहे, त्याचा अर्थ 'कोणाचा' किंवा 'ज्याचा'. लिहिण्याआधी मनात 'हू इज' म्हणून बघा. 'हू इज टर्न इज इट?' कानाला खटकलं, म्हणजे 'एसई'वालं. 'हू इज कमिंग?' खटकलं नाही, म्हणजे अपॉस्ट्रॉफीवालं.